सवय की समज? : दुर्बोध अल्बमच्या आस्वादाचा प्रश्न

१

पहिल्या भेटीत नकोशी वाटलेली कलाकृती पुढे अत्यंत प्रिय होते, हा अनुभव विरळा नाही. विरळा आहे तो त्याचा सैद्धान्तिक विचार. समीक्षेने या अनुभवाची आजवर दोन प्रकारे बोळवण केलेली दिसते. एक पक्ष म्हणतो की ही निव्वळ सवय आहे: कोणतीही गोष्ट पुरेशा वेळा कानावर घातली की कान तिला सरावतो, आणि सरावलेल्या गोष्टीला मन आवडती म्हणू लागते. दुसरा पक्ष म्हणतो की श्रेष्ठ कला दुर्बोधच असते, आणि जो तिच्या दाराशी चिकाटीने बसून राहतो त्यालाच ती प्रसन्न होते. पहिल्याच्या लेखी रसिक फसलेला असतो, तर दुसऱ्याच्या लेखी दीक्षित झालेला. हे पक्ष परस्परांचे वैरी भासले तरी एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत आहे. पहिल्या आणि दहाव्या श्रवणाच्या दरम्यान रसिकाच्या जाणिवेत नेमके काय घडते, याची चौकशी करण्याची गरज दोघांपैकी कोणालाच वाटत नाही. या सोयीस्कर एकमताला आव्हान देणे आवश्यक झाले आहे.

अशा चौकशीसाठी उदाहरण टोकाचे घेणे बरे. कॅप्टन बीफहार्ट या टोपणनावाने ओळखला जाणारा अमेरिकन कलावंत डॉन व्हॅन व्हलीट (१९४१-२०१०) आणि त्याचा ‘मॅजिक बँड’ यांचा ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ हा अल्बम जून १९६९मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रँक झॅपा याने निर्मिलेल्या या दोन तबकड्यांच्या संचात २८ रचना आहेत आणि त्यांची एकूण लांबी सुमारे ७९ मिनिटे भरते. अमेरिकेतील विक्रीच्या यादीत त्याला स्थान मिळाले नाही. ब्रिटनमध्ये तो २१व्या क्रमांकापर्यंत पोचला. आज त्याची गणना रॉक संगीताच्या अभिजात कृतींत होते, आणि अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने २०१० सालच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत त्याचा समावेश केला आहे.

या अल्बमच्या आस्वादाची एक हकीकत प्रसिद्ध आहे. ‘द सिम्प्सन्स’ या मालिकेचा जनक, व्यंगचित्रकार मॅट ग्रेनिंग याने ती वेळोवेळी सांगितली आहे. कुमारवयात प्रथम ऐकताना हे वादक वाजवण्याचा प्रयत्नच करत नाहीत, असे त्याला वाटले होते. दोन तबकड्यांना मोजलेले पैसे आणि झॅपाचे नाव, या दोन कारणांसाठी त्याने ऐकणे सोडले नाही. तिसऱ्या खेपेच्या सुमारास हे सारे जाणूनबुजून चालले आहे, असे त्याच्या ध्यानात आले. आणि सहाव्या-सातव्या श्रवणानंतर याहून श्रेष्ठ अल्बम आपण ऐकलेला नाही, अशी त्याची खात्री झाली. ही हकीकत सहसा विनोदी किस्सा म्हणून उद्धृत केली जाते. वास्तविक तिच्यात आस्वादप्रक्रियेचा एक सबंध सिद्धान्त दडलेला आहे, आणि तो वर सांगितलेल्या दोन्ही पक्षांना अडचणीचा आहे.

२

सवयवाद्यांची बाजू दुबळी नाही. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निरर्थक शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हे आणि अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रे लोकांना कमीअधिक वेळा दाखवली. जे अधिक वेळा दिसले ते अधिक आवडले. त्याच्या ३० वर्षे आधी, १९३८ साली, अडोर्नोने संगीतातील वस्तुपूजा आणि श्रवणाची अधोगती यांवरील आपल्या निबंधात याहून कठोर आरोप केला होता. बाजारू संगीताच्या श्रोत्याला मूल्यनिर्णय करताच येत नाही. एखादे गाणे ‘आवडणे’ आणि ते ‘ओळखू येणे’ यांतील अंतर त्याच्यापुरते नाहीसे झालेले असते, असे त्याचे प्रतिपादन होते. या दोहोंची जोड घालून आजचा सवयवादी म्हणतो: ग्रेनिंगच्या बाबतीत वेगळे काय घडले? पैसे वाया जाऊ नयेत म्हणून त्याने सात वेळा ऐकले, सात वेळा ऐकल्याने ओळख झाली, आणि ओळखीला त्याने श्रेष्ठत्वाचे नाव दिले.

या युक्तिवादात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. रसिक कलाकृतीकडे पुन्हा का वळला, हा एक प्रश्न. वळल्यावर त्याला काय गवसले, हा दुसरा. पैशाचा मोह, मित्रांचा दबाव, परीक्षेची सक्ती, प्रतिष्ठेची हाव यांपैकी कोणत्याही कारणाने माणूस दुसऱ्यांदा ऐकायला बसू शकतो. त्या कारणाचा हीनपणा पुढील आकलनाला चिकटत नाही. विद्यार्थी परीक्षेसाठी ‘ज्ञानेश्वरी’ उघडतो म्हणून त्याला उमगलेली ओवी खोटी ठरत नाही. मुळात झायन्सच्या प्रयोगातील चिन्हे पाहणाऱ्यांच्या दृष्टीने अर्थशून्यच होती, किंबहुना ती तशी असावीत अशीच प्रयोगाची रचना होती. जिथे समजण्यासारखे काही ठेवलेलेच नाही, तिथे वाढलेली आवड ही सवयच असणार. तेवढ्यावरून, जिथे समजण्यासारखे पुष्कळ आहे तिथेही निव्वळ सवयच काम करते असा निष्कर्ष काढणे हा तर्कदोष आहे.

तरीही सवयवाद्यांचे एक म्हणणे मान्य केलेच पाहिजे. आवड वाढली, एवढ्यावरून समज वाढली असे सिद्ध होत नाही. सवय आणि समज या दोन्ही पुनरावृत्तीतूनच उपजतात आणि बाहेरून सारख्याच दिसतात. म्हणून त्यांच्यात फरक करणारी कसोटी हवी.

३

ती कसोटी भेद करण्याच्या शक्तीत शोधता येते. सवय कंगोरे झिजवते. समज ते धारदार करते. रोजच्या रस्त्यावरचा खड्डा सवयीने जाणवेनासा होतो, तर सुताराच्या सरावलेल्या हाताला लाकडाची गाठ आधीपेक्षा लवकर लागते. पुनरावृत्तीने कलाकृतीतील खडबडीत जागा गुळगुळीत झाल्या असतील तर ती सवय. त्या जागांमध्ये पूर्वी न दिसलेले प्रकार दिसू लागले असतील तर ती समज.

‘ट्राउट मास्क रेप्लिका’ला ही कसोटी लावून पाहावी. ‘फ्राउनलँड’ ही पहिली रचना दोन मिनिटांचीही नाही. तिच्यात दोन गिटार, बेस आणि ड्रम आपापल्या वेगळ्या लांबीच्या आकृती वाजवत राहतात. एकाची आकृती पुरी होते तेव्हा दुसऱ्याची अर्ध्यावर असते. समेची वाट पाहण्याची सवय लागलेला कान येथे पुनःपुन्हा तोंडघशी पडतो. प्रथमश्रवणी त्याला एकच गोष्ट ऐकू येते, ती म्हणजे गोंगाट. गोंगाट म्हणजे तरी काय? ज्या ध्वनिसमूहात भेद करता येत नाहीत, त्याला दिलेले ते नाव आहे. पुढच्या श्रवणांत कान एकेका वाद्याचा माग काढू लागतो. डाव्या बाजूचे गिटार स्वतःपुरते अगदी नियमित आहे, हे आधी कळते. मग उजवीकडचेही तसेच असल्याचे कळते. आणि मग सारी वाद्ये एका क्षणी एकदम पुढच्या खंडात शिरतात, ही सर्वात महत्त्वाची गोष्ट उमगते. सम नाही, पण सांधे आहेत. ज्या कानाला ते सांधे सापडले त्याचा गोंगाट नाहीसा झालेला नसतो. त्या गोंगाटाला आता अवयव आलेले असतात.

मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगायचे तर येथे संवादलय जवळपास नाकारलेली आहे, विरोधलय टोकाला नेलेली आहे, आणि समतोललय आहे ती रचनेच्या खंडांच्या पातळीवर. मर्ढेकरांचा लयसिद्धान्त या अल्बमला इतका नेमका लागू पडावा, हे त्या सिद्धान्ताच्या व्याप्तीचे गमक आहे. परंतु त्याची एक मर्यादाही येथेच उघडी पडते. संवेदनांमधील हे लयसंबंध रसिकाला कितव्या भेटीत प्रतीत होतात, हा प्रश्न त्या मांडणीच्या केंद्रस्थानी नाही. संबंध कलाकृतीत आहेत असे म्हटले तरी ते जाणवायला काळ लागतो, आणि तो काळ हा आस्वादाचा घटक आहे.

आपल्या परंपरेला ही जाणीव नव्हती असे नाही. ‘लोचना’त अभिनवगुप्ताने सहृदयाचे जे लक्षण सांगितले आहे, त्यात काव्याच्या अनुशीलनाने आणि अभ्यासाने मनाचा आरसा स्वच्छ होणे ही अटच आहे. म्हणजे सहृदयता ही जन्मजात देणगी नसून पुनरावृत्तीचे फळ आहे. मराठी भाषाही विद्वानाला ‘बहुश्रुत’ म्हणते. असे असताना पहिल्या ऐकण्यातील प्रतिक्रिया तेवढी निर्मळ आणि नंतरची आवड मात्र कमावलेली, म्हणून संशयास्पद, ही समजूत कोठून आली? उत्स्फूर्ततेला प्रामाणिकपणाचा समानार्थी मानणाऱ्या सौंदर्यवादी पूर्वग्रहाखेरीज तिला दुसरा आधार दिसत नाही. प्रथमश्रवण तरी कोरे कुठे असते? लेस्टर बँग्ज या समीक्षकाने १९६९ सालीच ‘रोलिंग स्टोन’मध्ये या अल्बमचे स्वागत केले होते. ज्या कानात ब्लूज आणि फ्री जॅझ आधीच मुरलेले आहेत, त्याच्या पहिल्या श्रवणामागे शेकडो श्रवणे उभी असतात. याउस ज्याला अपेक्षाक्षितिज म्हणतो, ते अशाच पूर्वश्रवणांचे बनलेले असते.

४

आता यापेक्षा अवघड प्रश्नाकडे वळले पाहिजे, कारण येथे सवयवाद्यांच्या हाती त्यांनी अद्याप न वापरलेले एक शस्त्र आहे. मैफलीतला राग दर वेळी नव्याने घडतो. ध्वनिमुद्रण मात्र दर वेळी तंतोतंत तेच असते. त्यात झालेली चूकही दर वेळी त्याच जागी तशीच येते. दहा वेळा ऐकल्यावर चूकसुद्धा अटळ वाटू लागते. ध्वनिमुद्रित कृतीत आकस्मिक आणि हेतुपूर्ण यांतील भेद पुनरावृत्तीने स्पष्ट होण्याऐवजी पुसलाच जाण्याचा धोका असतो. मग तिसऱ्या श्रवणात ग्रेनिंगला जो ‘हेतू’ जाणवला, तो तबकडीच्या यांत्रिक तोचतोपणाने निर्माण केलेला आभास कशावरून नसेल?

या शंकेला अल्बमच्या आतच उत्तर आहे. ‘हेअर पाय’ ही वाद्यरचना येथे दोनदा येते. पहिल्या बाजूवरील पाठ वादकांच्या राहत्या घरी ध्वनिमुद्रित केलेला आहे. त्यावर फुंकवाद्यांचा मुक्त कल्लोळ आहे, आणि शेवटी शेजारच्या मुलांशी झालेले संभाषणही ऐकू येते. तिसऱ्या बाजूच्या आरंभी तीच रचना पुन्हा येते. या वेळी स्टुडिओत वाजवलेली, फुंकवाद्यांवाचून. दोन्ही पाठ शेजारी ठेवले की गिटारांची तीच वेडीवाकडी वळणे दोन्हींत त्याच जागी सापडतात. जी गोष्ट दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या जागी तशीच वाजते, ती अपघात असू शकत नाही. येथे पुरावा तबकडीच्या पुनरावृत्तीतून आलेला नाही. तो वादकांनी केलेल्या पुनरावृत्तीतून आलेला आहे. विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ साली ज्याला हेतुदोष म्हटले, तोही येथे घडत नाही. कारण निर्मात्याच्या मनात काय होते याचा तर्क श्रोता करत नसून संहितेचे दोन पाठ ताडून पाहत असतो. पाठचिकित्सेची सवय असलेल्या साहित्याभ्यासकाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही.

तेच ताडून पाहणे उलट दिशेनेही काम करते. ‘द डस्ट ब्लोज फॉरवर्ड’ ही रचना वाद्यांवाचून नुसत्या आवाजात गायलेली आहे. तिच्यात ओळींच्या मध्ये ध्वनिमुद्रक थांबवल्या-चालवल्याचे खटके स्पष्ट ऐकू येतात. अनेक गाण्यांत गायकाचा आवाज वाद्यांशी सैलपणे जुळतो. त्याचे कारण असे सांगितले जाते की व्हॅन व्हलीटने कानाला श्रवणयंत्र न लावता, काचेपलीकडून झिरपणाऱ्या आवाजाच्या आधाराने गायले. म्हणजे या अल्बममध्ये कसून बसवलेले, सैल सोडलेले आणि आपोआप राहून गेलेले असे तीन थर आहेत. सवयीला हे तिन्ही एकच वाटतात. समज त्यांना वेगळे करते आणि मगच त्यांच्यातील नात्याचा आनंद घेते. मुखपृष्ठावर गायकाने चेहऱ्यासमोर धरलेले माशाचे डोके ट्राउटचे नसून कार्पचे आहे, ही गंमतही जाणत्या डोळ्यालाच कळते.

५

येथवरचे विवेचन दुर्बोधतेच्या उपासकांना सुखावणारे वाटेल, म्हणून त्यांचाही हिशेब चुकता केला पाहिजे. श्क्लोव्हस्कीने १९१७ साली कलेचे कार्य अपरिचितीकरण असल्याचे आणि त्यासाठी संवेदन दीर्घ व कठीण करणे हा कलेचा मार्ग असल्याचे मांडले. या सिद्धान्ताचे पुढे एका बाळबोध समीकरणात रूपांतर झाले: जितके कठीण तितके श्रेष्ठ. या समीकरणाचा भक्त पहिल्याच भेटीत मान डोलावतो. त्याला गोंगाटात अवयव शोधायचे नसतात; गोंगाटाचा धाकच त्याला पुरेसा असतो. अशा भक्ताची आवड कधी वाढत नाही, कारण ती पहिल्या क्षणीच पूर्ण झालेली असते. एका अर्थाने सवयवाद्याने वर्णन केलेला फसलेला श्रोता तोच होय. फरक एवढाच, की त्याला सवय कलाकृतीची नसून तिच्या प्रतिष्ठेची झालेली असते.

हा प्रश्न मराठी समीक्षेला दूरचा नाही. १९४७ साली मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ प्रसिद्ध झाल्या तेव्हा त्यांच्यावर दुर्बोधतेचा आरोप झाला. अश्लीलतेचा खटलाही चालला आणि १९५२ साली त्यातून ते निर्दोष सुटले. ओल्या पिंपातल्या उंदरांची कविता आज अभ्यासक्रमाची सर्वपरिचित रहिवासी आहे. परंतु तिची दुर्बोधता कशाने संपली? मार्गदर्शिकांनी तिला ‘यंत्रयुगातील माणसाची असहायता’ असे एक वाक्य जोडून दिले, आणि विद्यार्थ्याने ते वाक्य पाठ केले. कवितेतील शब्दांच्या धक्काबुक्कीशी, लयीच्या मोडतोडीशी झुंज देण्याची वेळच त्याच्यावर आली नाही. अभिजात ठरलेल्या कृतींचे मूळ अंतर पुढच्या पिढ्यांना जाणवेनासे होते आणि त्या सुखाने पचू लागतात, हा धोका याउसने दाखवून दिला होता. खरी सवय ती हीच. सवयवादी ज्या दोषासाठी एखाद्या विक्षिप्त अल्बमच्या चाहत्याला हटकतो, तो दोष त्याच्या स्वतःच्या वर्गात, त्याने स्वतः काढलेल्या प्रश्नपत्रिकेत रोज पोसला जात असतो. चाहत्याने निदान सात वेळा ऐकलेले असते. दोन वेळाही न वाचता त्या कवितेवर दहा गुणांचे उत्तर लिहिता येते.

६

या वादात शेवटी पणाला काय लागले आहे, हे अल्बमच्या निर्मितीच्या इतिहासावरून कळते. व्हॅन व्हलीटने मुलाखतींतून अशी दंतकथा पसरवली की सारे संगीत आपण साडेआठ तासांत पियानोवर रचले आणि संगीताचा गंध नसलेल्या मुलांना ते शिकवले. दुर्बोधतेच्या उपासकांना ही कथा मानवली. एकट्या प्रतिभावंताची मूर्ती तिने पुरी केली. वस्तुस्थिती अशी, की लॉस एंजेलिसच्या वुडलंड हिल्स भागातील एका भाड्याच्या घरात वादक सुमारे आठ महिने तालमी करत होते. पियानोचे शिक्षण नसलेल्या व्हॅन व्हलीटने वाजवलेले तुकडे ड्रमवादक जॉन फ्रेंच स्वरलिपीत उतरवून घेई, ते एकमेकांना जोडी आणि इतरांना वाटून देई. एवढी तयारी होती म्हणूनच स्टुडिओत बहुतेक वादनभाग सुमारे सहा तासांत ध्वनिमुद्रित होऊ शकले. अल्बम निघाला तेव्हा वेष्टनावर वादक म्हणूनही फ्रेंचचे नाव नव्हते. गिटारवादक बिल हार्कलरोडने १९९८ साली आणि फ्रेंचने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत त्या घरातील अपुरे अन्न, मानसिक छळ आणि मारहाण यांचे वर्णन आले आहे.

या आठवणी उपलब्ध होण्यापूर्वीही दंतकथेविरुद्धचा पुरावा तबकडीतच होता. ‘हेअर पाय’चे दोन पाठ ताडून ऐकणाऱ्याला हे कळणे शक्य होते की इतकी नेमकी पुनरावृत्ती कोणीतरी लिहून ठेवल्याशिवाय आणि महिनोन्‌महिने घोकल्याशिवाय घडत नाही. साडेआठ तासांची कथा कानाच्या साक्षीवर टिकत नव्हती. ती टिकली याचे कारण प्रतिभेच्या भक्ताने ऐकण्याऐवजी विश्वास ठेवला, आणि सवयवाद्याने ऐकण्यासारखे काही असल्याचेच नाकारले. दोघांच्याही हिशेबात फ्रेंचच्या श्रमाला जागा नव्हती. वारंवार ऐकून वाढलेल्या समजेला मात्र त्या श्रमापर्यंत पोचण्याची वाट होती, कारण श्रोत्याने सोसलेली पुनरावृत्ती ही वादकांनी सोसलेल्या पुनरावृत्तीची दूरची, पुष्कळच सुखाची, पण त्याच जातीची आवृत्ती आहे.

हे कळल्यावर आवड उरते का, असा प्रश्न विचारला जाईल. सवयीने जडलेली आवड अशा माहितीने एक तर कोसळते किंवा कान झाकून घेते. समजेने जडलेल्या आवडीला दोन्हींची गरज पडत नाही. तिने रचना उभी करणारे हात आधीच ओळखलेले असतात. आता तिला त्या हातांची नावे मिळतात, आणि त्यांच्यावर झालेल्या अन्यायाची किंमत अल्बमच्या मोठेपणातून वजा न करता, मोठेपणाच्या शेजारी मांडता येते. गाण्यागणिक निवड करण्याचे स्वातंत्र्यही तिच्यापाशी असते. ज्याला या २८ही रचना सारख्याच आवडतात, त्याने बहुधा एकही नीट ऐकलेली नसते.

मराठीत नव्या पुस्तकावर पहिल्या वाचनाचे परीक्षण लिहिण्याची प्रथा आहे. दहाव्या वाचनाचा वृत्तान्त लिहिण्याची नाही. समीक्षेला आस्वादाचा काळ हा विषय गंभीरपणे घ्यायचा असेल तर हा प्रकार रूढ करावा लागेल. त्यात प्रत्येक वेळी प्रेमाचीच कहाणी निघेल असे मानण्याचे कारण नाही. दहा वेळा ऐकून, सांधे ओळखून, थर वेगळे करून एखादा श्रोता ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ नाकारेल, आणि कोठे व का नाकारतो ते दाखवून देईल. पहिल्याच श्रवणात नतमस्तक झालेल्यापेक्षा सहृदय हे नाव त्याला अधिक शोभेल.